भुसावळचे मामा, ठाण्याचा घाम आणि गच्चीवरची बरणी

दरवर्षी मे महिन्यात आमचे मामा भुसावळहून चार दिवस ठाण्याला येतात. माणूस काटक. तिकडे ४४-४५ अंशांत भर दुपारी डोक्याला पंचा गुंडाळून सायकलवरून बाजार करून येतील आणि वर म्हणतील, "यंदा ऊन कमीच आहे." तेच मामा घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बनियनवर, पंख्याच्या बरोबर खाली, घडी घातलेल्या पेपरने वारा घेत बसलेले असतात.

"मोबाइल पस्तीस दाखवतोय," ते म्हणाले. "हे पस्तीस कुठलं रे? आमच्याकडे पस्तीस झालं की आम्ही कूलर बंद करतो."

"मामा, आकडा बरोबर आहे. पण अर्धाच आहे."

"मग उरलेला अर्धा कुठाय?"

"तुमच्या बनियनवर."

तिथून जे बोलणं सुरू झालं ते रात्री जेवणापर्यंत चाललं. तेच इथे जरा नीट लिहून काढतोय. हवामानाच्या नवलाईवरचं लिखाण बहुतेकदा विक्रमांची यादी असते. सगळ्यात गरम गाव, सगळ्यात ओलं गाव, सगळ्यात मोठी गार. वाचताना मजा येते, पण संध्याकाळपर्यंत काही लक्षात राहत नाही. मला त्या आकड्यांपेक्षा तीन प्रश्न जास्त कामाचे वाटतात. आकडा कुठे मोजला, किती वेळात मोजला आणि त्याच्या जोडीला काय होतं? हे विचारायला लागलं की आपलं रोजचं ठाणं आणि नवी मुंबईसुद्धा नवलाचीच निघतात.

माठ ठाण्यात रुसतो

मामांनी एका वर्षी हौसेने भुसावळचा माठ रेल्वेने, मांडीवर घेऊन, ठाण्याला आणला होता. तिकडे त्यातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. इथे आठवडाभर वाट पाहिली, पाणी कोमट ते कोमटच. माठाला कुणी दृष्ट लावली नव्हती आणि कुंभाराचाही दोष नव्हता.

माठ पाझरतो. पाझरलेलं पाणी बाहेरच्या बाजूने वाळतं आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. आता हवा कोरडी असेल तर ती पाणी झपाझप पिते. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ती आणखी किती घेणार? ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं २१-२२ अंशांपर्यंत गार होऊ शकतं. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर २८ च्या खाली काही केल्या जात नाही. म्हणजे बाहेरची हवा दहा अंशांनी थंड असूनही ठाण्याचा माठ भुसावळच्या माठापेक्षा सहा-सात अंशांनी गरम. विदर्भ-खानदेशात घरोघरी दिसणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ठाण्यात कुणी का लावत नाही, त्याचं कारणही हेच. इथे तो फक्त गाद्या ओलसर करतो.

ओल्या फडक्याच्या या तापमानाला हवामानशास्त्रात वेट बल्ब तापमान म्हणतात, कारण ते खरोखरच थर्मामीटरच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून मोजायचे. आणि आपल्या दृष्टीने ते साध्या तापमानापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण आपलं अंग म्हणजे चालताबोलता माठच. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण सात लिटर नळाचं पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता तो शरीरातून काढून नेतो. वाळला तर. हनुवटीवरून टपकलेला घाम वाया गेला, त्याने मीठ आणि पाणी नेलं, उष्णता ठेवली. ठाण्यात आपल्याला घाम जास्त येतो असं वाटतं, पण पुष्कळदा तो वाळत नाही म्हणून दिसतो. भुसावळात मामांना याहून जास्त घाम येत असेल, पण तो दिसायच्या आत उडून जातो.

वेट बल्ब ३५ च्या आसपास पोचलं की त्वचेचं तापमान आणि ओल्या फडक्याचं तापमान सारखं होतं. मग सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन नुसतं बसलेला निरोगी माणूसही काही तासांत संकटात येतो. पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट लोकांवर प्रयोग झाले तेव्हा ही मर्यादा त्याहून बरीच खाली, ३१ च्या आसपास निघाली. ते निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा निकषही सगळीकडे एक नाही. मैदानी भागात पारा किमान ४० व्हावा लागतो, किनारपट्टीवर ३७ ला विचार सुरू होतो, आणि शिवाय सहसा तो नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर असावा लागतो.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर राज्य पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक तासन्‌तास उन्हात बसले होते. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ही बातमी ऐकल्यावर "अडतीसच ना? आमच्याकडे तर…" असं बोलणारी माणसं मला दोन-तीन भेटली. मामा त्यातले नव्हते, ते गप्प झाले.

शिवाय ते ३८ सावलीतले. जगभर हवेचं तापमान मोजतात ते जमिनीपासून साधारण माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, फटीफटींच्या पेटीत. त्या पेटीत ऊन शिरत नाही, वारा मात्र खेळतो. मैदानावर बसलेल्याच्या डोक्यावर पेटी नसते. उलट, सिग्नलला उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ४३ दिसलं म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं की त्यांनी ठाण्याचं तापमान मोजलेलं नाही, तीन हात नाक्यावरच्या डांबराचं आणि पुढच्या बसच्या इंजिनाचं मोजलंय.

मोजणाऱ्याची चूक किती दूर जाऊ शकते याचं माझं आवडतं उदाहरण लिबियातलं आहे. अल अझिझिया या गावी १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंशांची नोंद झाली आणि पृथ्वीवरचं सर्वोच्च तापमान म्हणून ती तब्बल ९० वर्षं सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत मिरवली. आमच्याही पुस्तकात होती, मी ती पाठ केली होती. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा नवखा निरीक्षक आणि वाचायला अवघड उपकरण अशी जोडी निघाली. नोंद रद्द. मान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीकडे गेला, १० जुलै १९१३ चे ५६.७ अंश. भारतातला सर्वमान्य उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चे ५१ अंश. मध्ये २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले आणि देशभर खळबळ उडाली, पण तपासणीत तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं.

मार्च मे पेक्षा गरम कसा?

हे ठाण्या-मुंबईत नव्याने आलेल्यांना पटत नाही. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेचा एप्रिलमधला आणि आजवरचा उच्चांक ४२.२ अंश, तारीख १४ एप्रिल १९५२. मार्चमधला ४१.७, २८ मार्च १९५६ चा. म्हणजे पारा चाळिशी ओलांडण्याचे आपले दिवस मार्च-एप्रिलमध्ये येतात. मे आपल्याकडे घामाचा महिना आहे.

कारण शाळेत दोन मार्कांना असायचं. खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा भरायला समुद्रावरून गार, खारा वारा येतो. रात्री उलट, जमिनीवरून समुद्राकडे मतलई. किनाऱ्याचं कमाल तापमान किती चढणार हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरतं, खारा वारा किती वाजता आत शिरला. अकराला आला तर पारा तेहतिशीत अडकतो. दोन वाजेपर्यंत आलाच नाही तर चाळीस.

त्याला अडवतो कोण? पूर्वेचा वारा. मार्चमध्ये कधीकधी दख्खनच्या पठारावरून कोरडा वारा जोराने समुद्राकडे सुटतो. तो घाट उतरून खाली येतो, आणि इथे गंमत आहे. खाली उतरणारी कोरडी हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला जवळजवळ एक अंश तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो तसंच. पठार साधारण ६०० मीटरवर धरलं तर ऐरोलीच्या खाडीपर्यंत पोचेस्तोवर ती सहा अंश चढलेली असते, आधीच तापलेली असताना. अशा दिवशी समुद्राचा वारा आणि घाटाचा वारा यांची रस्सीखेच चालते आणि आपण ठाणेकर मधोमध. आमच्याकडे खारा वारा आधीच उशिरा पोचतो, कारण मध्ये अख्खी मुंबई तापलेली असते.

थंडीचंही असंच. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांची नोंद आहे. वारा उत्तरेचा, हवा कोरडी, आकाश मोकळं. नळपाड्याच्या चहावाल्याने त्या दिवशी काय केलं असेल कुणास ठाऊक.

ढगाचं वजन टँकरमध्ये

येऊरच्या डोंगरावर दुपारी कापसाचा एखादा पिंजलेला ढग थांबलेला दिसतो. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच धरा. अशा साध्या, पाऊस न देणाऱ्या ढगात दर घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी असतं. गुणाकार केला तर पाच लाख किलो, म्हणजे ५०० टन. घोडबंदरवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे ५० टँकर डोक्यावर अधांतरी उभे आहेत, आणि कुणी बिलही मागत नाही.

मग पडत का नाहीत? कारण ते पाणी इतक्या बारीक थेंबांत वाटलेलं असतं की एक थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो. खालून वर येणारी हवा त्याला सहज तोलून धरते. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. आणि तो पावसाचा थेंब आपण चित्रात काढतो तसा वर टोकदार, खाली गोल कधीच नसतो. बारीक असेल तर गोळीसारखा गोल, मोठा असेल तर खालून चपटा, थेट वडापावमधल्या पावासारखा. त्याहून मोठा झाला की हवेच्या माऱ्याने फुटतो. हवेचा हा अडथळा नसता तर दोन किलोमीटरवरून निघालेला थेंब ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाने टाळक्यात बसला असता. हवेच्या कृपेने मोठ्यातला मोठा थेंबही ताशी तिशीच्या आसपासच येतो.

आता आणखी एक, ज्यावर मामांनी मला वेड्यात काढलं. ठाण्यावर मे-जूनमध्ये बर्फ पडतो. फक्त वाटेत वितळतो. पावसाळ्याच्या तोंडावर साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य असतं. वळवाच्या काळ्याकभिन्न ढगाचं डोकं बारा-बारा किलोमीटरवर पोचतं, तिथे उणे पन्नासच्या आसपास. तिथल्या बर्फाच्या कणांवर पाणी गोठत जातं, ते जड होऊन खाली येतात, येता येता वितळतात, आणि आपल्या हातावर पहिला टपोरा, बोचरा गार थेंब पडतो. वळवाचा थेंब आषाढातल्या पावसापेक्षा गार का लागतो, ते यावरून कळेल. कधी वितळायला वेळ पुरत नाही, तेव्हा गारा. बांगलादेशात गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ ला पडलेली एक गार एक किलोहून थोडी जास्त भरली होती.

वळवाच्या ढगाखाली पुन्हा आपला माठ भेटतो. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेतून जाताना वाटेतच वाळतो, हवा गार होते, गार हवा जड, ती दाणकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. मोरीत बादली उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी. पावसाच्या आधी दहा मिनिटं जो गार वारा सुटतो, पडदे उडतात, दारं आपटतात, वाळत घातलेल्या पापडांमागे बायका धावतात, तो वारा म्हणजे ही पसरलेली हवा. १३ मे २०२४ ला दुपारी तिने धुळीची भिंतच उभी केली. ठाण्यापासून नवी मुंबईपर्यंत भर दुपारी अंधारून आलं आणि घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून १७ जण गेले. वाऱ्याबद्दल एक हिशेब माहीत असावा. वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० चा वारा छत्री उलटी करतो, म्हणून ८० चा वारा दोन छत्र्या उलट्या करेल असं नाही.

२५ किलोमीटर, ९४४ आणि ७३

पावसाचं माप मिलिमीटरमध्ये का, हे मला फार उशिरा कळलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी. झालं. आमच्या सोसायटीची गच्ची साधारण ५०० चौरस मीटर धरली तर १० मिमी पाऊस म्हणजे ५,००० लिटर, अर्धा टँकर. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे सव्वाशे टँकर नुसत्या एका गच्चीवर पडून पाइपातून गटारात जातात, आणि आम्ही एप्रिलमध्ये टँकरवाल्याला "दादा, आज तरी या" म्हणून फोन करतो.

हे माप हाताशी घेऊन २६ जुलै २००५ कडे बघा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन पाणी. आमच्यासारख्या एका गच्चीवर ४७ टँकर, म्हणजे येऊरवरचा तो कापसाचा अख्खा ढग एकाच गच्चीवर रिकामा करावा तसं. त्याच दिवशी कुलाब्याला किती? ७३ मिमी. दोन्हींमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. कुलाब्यातल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना संध्याकाळी घरचे फोन लागेनात तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं कळलं. ठाणे-कळवा पट्ट्यातली पन्नाशीतली माणसं अजूनही त्या रात्रीबद्दल विचारलं की आधी 'मी कुठे अडकलो होतो' तिथून सुरुवात करतात.

म्हणून "मुंबईत किती पाऊस झाला?" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. बातमीतली मुंबई म्हणजे बहुतेक वेळा सांताक्रूझ नाहीतर कुलाबा. मान्सूनचा जोरदार ढग काही किलोमीटरांचा असतो, तो मुलुंडवर थांबला तर वाशीत रस्ते ओलेसुद्धा होत नाहीत. अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याला नावं ठेवायचा आपला राष्ट्रीय छंद आहे, मीही ठेवतो, पण 'ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिवृष्टी' या वाक्यातला 'तुरळक ठिकाणी' हा शब्द आपण वाचतच नाही.

दुसरी गोची वेळेची. हवामान विभागाचा पावसाचा दिवस रात्री बाराला संपत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असतो, कारण आपले साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे तीन, आणि जगभरच्या नोंदी ग्रीनिचच्या घड्याळाने चालतात. त्यामुळे मंगळवारी पहाटे धो धो पडलेला पाऊस सोमवारी सकाळी सुरू झालेल्या चोवीस तासांत जातो. या चोवीस तासांत ६४.५ मिमी झाला की जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. आपल्याकडे जुलैत ६५ मिमी झाला तर कुणी खिडकीही लावत नाही. तेवढाच पाऊस जैसलमेरात झाला तर गाव वाहून जाईल.

आणि ढगफुटी. हल्ली पाऊण तास जोराची सर आली की टीव्हीवर ढगफुटी होते. खरी ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटर भागात एका तासात १०० मिमी किंवा जास्त. ढग काही फुटत नाही, तो फुगा नव्हे. एका तासातल्या पावसाचा जागतिक विक्रम अमेरिकेत मिझुरीतल्या होल्ट गावाच्या नावावर आहे. २२ जून १९४७, अवघ्या ४२ मिनिटांत ३०५ मिमी. चोवीस तासांचा विक्रम हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, जानेवारी १९६६ मध्ये चक्रीवादळात १,८२५ मिमी. आणि अठ्ठेचाळीस तासांचा आपल्याकडे, चेरापुंजीला, १५-१६ जून १९९५ ला २,४९३ मिमी. ठाण्याचा वर्षभराचा पाऊस दोन दिवसांत. चेरापुंजीचाच ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ चा आकडा २६,४६१ मिमी आहे, म्हणजे ठाण्याची दहा वर्षं. एवढं असून हिवाळ्यात तिथल्या लोकांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. उतार तीव्र, खडक चुनखडीचा, पाणी थांबतच नाही. घोडबंदर रोडने लाजायचं कारण नाही, जगातलं ओलं गावही टंचाईतच आहे.

तिथीची पाऊणपट

आता जोडीदाराचा प्रश्न, आणि इथे नवी मुंबई पुढे येते. १५० मिमी पाऊस बुधवारी पडला तर गुडघाभर पाणी, शनिवारी पडला तर काहीच नाही. असं का?

वाशी, नेरुळ, बेलापूरचे बरेच भाग खाडीला भराव घालून वसवलेले, आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. भरतीच्या वेळी खाडीचं पाणीच शहरापेक्षा उंच, मग पावसाचं पाणी जाणार कुठे? सिडकोने यावर डच पद्धतीचा तोडगा काढला. ठिकठिकाणी धारण तलाव बांधले. नाल्यांचं पाणी आधी तलावात. तलावाच्या तोंडाशी झडपेची दारं. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. ना मोटर, ना माणूस. मला हे फार सुंदर वाटतं. पामबीच रोडवरून जाताना दिसणारी पाणथळ तळी म्हणजे नुसती पक्षी बघायची जागा नाही. मात्र तळ्यांत गाळ साचत जातो, त्यात खारफुटी उगवते, आणि खारफुटीला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून तळ्याचं पोट हळूहळू लहान होत जातं.

तर सहा तासांत १५० मिमी पाऊस, आणि बाहेर साडेचार मीटरची भरती. दार बंद, तलाव भरला, पाणी रस्त्यावर. तोच पाऊस ओहोटीला पडला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

भरतीची वेळ बघायला आता ॲप आहेत, पण कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब अजून चालतो. तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास, दुपारीही आणि रात्रीही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. एवढ्याशा फरकात सगळं बसतं. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास एकमेकांना आडवे जातात, तो भांग. त्यामुळे आपल्याकडे मोठं उधाण नेमकं भर दुपारी किंवा मध्यरात्री येतं. जुलैतल्या अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास ढग भरून आले असतील तर नेरुळच्या सखल भागात गाडी तळघरात लावू नये.

विजेबद्दल थोडंच. आपल्याकडे ती जुलैपेक्षा जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, हस्त-चित्राच्या दिवसांत जास्त, कारण उंच वाढणारे ढग तेव्हा असतात. ऐन मान्सूनचे ढग बुटके, ते मुकाट्याने पडत राहतात. विजेच्या वाटेवरची हवा तीस हजार अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि ती स्फोटासारखी फाकते तो गडगडाट. वीज दिसल्यावर सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढ्या किलोमीटरवर पडली. पण हा भागाकार सुरक्षितपणाची हमी नाही. अमेरिकेत २२ ऑक्टोबर २०१७ ला चमकलेली एक वीज ८२९ किलोमीटर लांब होती, साधारण ठाण्याहून निघून पार नागपूर ओलांडणारी. आणि 'एकाच जागी वीज दोनदा पडत नाही' म्हणतात ते रॉय सलिव्हन या अमेरिकन वनरक्षकाला सांगून बघायला हवं होतं. त्याच्यावर १९४२ ते १९७७ मध्ये सात वेळा वीज पडली आणि साती वेळा तो वाचला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर मोबाइलवर सांगतं. मामांच्या फोनमध्ये ते टाकून दिलंय.

मामांनी जाताना विचारलं, "मग तुझ्या घरावर नेमका किती पडतो, ते तुला तरी माहीत आहे का?" माहीत नव्हतं. म्हणून जूनमध्ये गच्चीवर लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी ठेवली. सरळ भिंतींची. तोंड मोठं असो की लहान, भिंती सरळ असतील तर पाण्याची उंची सारखीच येते, त्यामुळे पिंप ठेवा की पेला, पट्टीने मोजलं की झाले मिलिमीटर. टाकीच्या आडोशापासून लांब, विटांच्या मध्ये घट्ट बसवली, आणि रोज सकाळी बरोबर साडेआठला पट्टी घेऊन वर जायला लागलो. सांताक्रूझच्या आकड्याशी ताडून बघायचं होतं.

पहिला आठवडाभर बरणी कोरडी. रात्रभर पाऊस कोसळत होता, जिन्यात पाणी होतं, बरणी मात्र स्वच्छ पुसल्यासारखी. आठव्या दिवशी वॉचमनकाकांना विचारलं.

"साहेब, ती बरणी होय? रोज सकाळी सातला उपडी करतो मी. पाणी साचलं की डेंग्यूच्या अळ्या होतात."